गाडी कुणाच्या नावावर?

मस्तगडहून आम्ही बोलतोय, बचत गटाचं काम बघणाऱ्या तुमच्या आम्ही. आज पापड-लोणच्याचा विषय नाही, कर्जाच्या हप्त्यांचाही नाही. आज गाडीबद्दल बोलायचंय. गाडी चालवायची कशी हे आम्ही सांगणार नाही, ते आम्हालाच नीट येत नाही. गाडी विकत घेणाऱ्या माणसाला फसवणुकीपासून वाचवायला आपल्याकडे काय काय कायदे झाले, ते कधी आणि कुणामुळे झाले, त्याची ही गोष्ट. आणि हे सगळं आम्हाला वाचावं का लागलं, तेही सांगतो. कारण त्यात चूक आमची आहे.

आमच्या एका गटातल्या ताई मसाले कुटून विकतात. आठवडी बाजाराला माल न्यायचा म्हणून त्यांनी जुनी व्हॅन घ्यायचं ठरवलं. गटाच्या अंतर्गत कर्जातून काही रक्कम, उरलेली बांगड्या ठेवून. एक लाख चाळीस हजाराला सौदा ठरला. एजंटने शंभराच्या स्टँप पेपरवर लिहून दिलं, नोटरीचा शिक्का मारला, किल्ली हातात ठेवली. ताईंनी व्हॅनला हार घातला, नारळ फोडला, आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. कर्ज मंजूर करताना ठरावाच्या वहीत सह्या झाल्या, पण आरसी कुणी बघितली नाही. आम्हीही नाही. सात महिन्यांनी दारात दोन माणसं उभी राहिली. म्हणाली, या गाडीवर कर्ज बाकी आहे, गाडी द्या. तेव्हा आरसी काढून बघितली, तर नाव तिसऱ्याच माणसाचं. एजंटचंही नाही. त्या माणसाने दुसऱ्याला विकलेली, दुसऱ्याने एजंटला, एजंटने ताईंना. मधल्या कुणीही नाव बदललेलं नव्हतं.

त्या रात्री ताई एकच वाक्य परत परत म्हणत होत्या, "पैसे मी दिले, मग गाडी माझी कशी नाही?"

साधा प्रश्न आहे. पण त्याचं उत्तर शोधायला आम्हाला शंभर वर्षं मागे जावं लागलं.

आपल्या मस्तगडचंच बघा. हा किल्ला १७२५ साली काबिल खानाने आसफजाहच्या हुकुमावरून बांधला. पुढे त्याच किल्ल्यात नगरपालिकेची कचेरी आली. आपल्या सासूबाई, आजेसासूबाई घरपट्टी भरायला, जन्माची नोंद करायला त्याच दरवाजातून आत गेल्या. घर कुणाचं, हे राहणाऱ्यावरून ठरत नाही, कचेरीतल्या नोंदीवरून ठरतं, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. शेताचा सातबारा तर प्रत्येकीला पाठ. मग गाडीलाही असाच एक सातबारा असतो, हे आपल्या डोक्यात का येत नाही? आम्हाला वाटतं, कारण गाडी हलते. हलणारी वस्तू म्हणजे शेळी, कोंबडी, भांडं. पैसे दिले, घेऊन आलो, झाली आपली.

इंग्रजांच्या काळात गाड्या आल्या तेव्हा सरकारलाही खरेदीदाराची काळजी नव्हतीच. १९१४ साली मोटार वाहनांचा पहिला देशव्यापी कायदा झाला, नंतर १९३९ साली दुसरा मोठा कायदा आला. नंबर कशासाठी? तर धक्का देऊन पळालेली गाडी पोलिसांना सापडावी, कर वसूल व्हावा यासाठी. गाडी विकत घेणारे तेव्हा संस्थानिक, साहेब, गिरणीमालक. त्यांना कोण फसवणार, आणि फसवलं तरी त्यांच्याकडे वकील होते.

स्वातंत्र्यानंतर मात्र चित्र बदललं. गाडी हवी असणारी माणसं वाढली आणि गाड्या होत्या मोजक्या. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांनी काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, तिथून फियाट निघायची. कलकत्त्याकडची अँबेसिडर, मद्रासची स्टँडर्ड. संपल्या मोटारी. स्कूटर म्हटलं की पुण्याजवळ आकुर्डीची बजाज. इटलीच्या परवान्यावर १९६० पासून ते व्हेस्पा बनवायला लागले, आणि १९७२ साली आला चेतक. किती बनवायच्या हे सरकारी परवान्यात लिहिलेलं, त्यापेक्षा जास्त बनवता यायच्या नाहीत. मागणी तर गावोगाव. मग रांग लागली. चेतकसाठी लोकांनी दहा-दहा वर्षं वाट बघितलेली आहे. आज नंबर लावला तर पोरगा पहिलीतून दहावीत जायचा.

अशा टंचाईत काळाबाजार होणारच. म्हणून सरकारने विक्रीवरच नियंत्रण आणलं. १९५९ साली मोटारींच्या वाटप आणि विक्रीचा नियंत्रण आदेश निघाला, १९६० साली स्कूटरींचा. विक्रेत्याने रांगेप्रमाणेच गाडी द्यायची, ठरलेल्या किमतीलाच द्यायची, आणि मिळालेली गाडी खरेदीदाराने ठरावीक मुदतीच्या आत परवानगीशिवाय विकायची नाही. म्हणजे आपल्या देशात गाडीविक्रीवर खऱ्या अर्थाने कुणी पहारेकरी बसवला असेल तर तो त्या वेळी.

किमतीचं भांडण तर थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६९ साली सरकारने तिन्ही गाड्यांच्या किमती ठरवून दिल्या. कंपन्या म्हणाल्या, परवडत नाही. प्रीमियरचं नाव लागलेला तो खटला १९७१ साली निकालात निघाला, आणि मोटारीची रास्त किंमत किती असावी याचा हिशेब न्यायमूर्तींनी केला. विचार करा, आज शोरूमवाला सांगतो तो आकडा आपण मुकाट ऐकतो, आणि एके काळी त्या आकड्यासाठी देशाचं सर्वोच्च न्यायालय बसलं होतं.

पण या पहाऱ्याने सामान्य माणसाचं भलं झालं का? थोडं झालं, फार नाही. किंमत कागदावर ठरलेली राहिली आणि वरचे पैसे हातातून हातात गेले. त्याला लोक 'ऑन' म्हणायचे. नंबर लागलेला माणूस गाडी न घेता नंबरच विकायचा. विकायला बंदी म्हणून गाडी नावावर एकाच्या आणि वापरात दुसऱ्याच्या. गाडी एकाच्या नावावर आणि फिरवणारा दुसरा, ही खोड आपल्याला तेव्हापासून लागली, असं आमचं मत आहे. सगळ्यांना पटेलच असं नाही.

आणि तायांनो, या स्कूटरच्या रांगेचा आपल्या बायकांशी फार जवळचा संबंध आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. पण त्याच काळात लग्नाच्या बैठकीत "मुलाला स्कूटर" हे कलम आलं. आमच्या गटातल्या एक मावशी सांगतात, त्यांच्या लग्नात भावाने स्वतःसाठी लावलेला नंबर नवऱ्या मुलाला द्यावा लागला. स्कूटर लग्नानंतर चार वर्षांनी आली. तोवर दर सणाला माहेरी निरोप जायचा, नंबर कुठवर आला. मावशी त्या स्कूटरवर मागे बसल्या आयुष्यभर, पण कागदावर त्यांचं नाव कुठेच नाही. ज्या बापाने पैसे भरले त्याचंही नाही.

पुढे आपल्या भागातही कारखाना आला. १९८५ मध्ये वाळूजला बजाजने काम सुरू केलं. जालन्यापासून फार लांब नाही अशा ठिकाणी स्कूटर तयार व्हायला लागली. दिल्लीकडे मारुती १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली होती, तिच्या नंबरासाठी लोकांनी दहा-दहा हजार रुपये आधी भरले होते. लुना तर त्याआधीपासून होती, आणि तिच्यावर शिक्षिका, नर्सबाई, पोस्टातल्या बाई ऐटीत जायच्या. रांगा हळूहळू संपल्या. दुकानदार आता गिऱ्हाइकाच्या मागे लागला. मग पहारेकरी कशाला, असं वाटलं असेल. पण खरी अडचण आता वेगळीच होती. गाडी मिळत होती, पण मिळाली ती धड असेल याची हमी कोण देणार?

इथे आपल्या बायकांचा भाग येतो, आणि तो आम्ही जरा सावकाश सांगणार आहोत.

१९६६ साली मुंबईत नऊ महिलांनी एकत्र येऊन ग्राहकांसाठी एक संस्था काढली, कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया. भेसळ, वजनात मारलेली काटछाट, खोट्या जाहिराती, यावर त्या बोलायला लागल्या. ग्राहक हा शब्दसुद्धा तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता, गिऱ्हाईक म्हणायचे, आणि गिऱ्हाईक करणे म्हणजे फसवणे हा अर्थ आपल्या भाषेतच आहे. मग बहात्तरचा दुष्काळ आला. आपल्या मराठवाड्याला तो सांगायला नको. महागाई भडकली तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि मुंबईच्या रस्त्यावर बायका लाटणी घेऊन उतरल्या, थाळ्या वाजवत. तेल, रवा, रॉकेल मागायला निघालेला मोर्चा होता तो. गाडीचा आणि त्याचा काय संबंध, असं म्हणाल. संबंध असा, की विकणाऱ्याला जाब विचारता येतो, आणि तो एकटीने नाही तर घोळक्याने विचारायचा असतो, हे तिथे रुजलं.

१९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. मुंबईच्या पंचायतीचं काम बघा, शेजारची काही कुटुंबं मिळून एक संघ करायचा, महिन्याचा किराणा एकत्र मागवायचा, आपणच वाटून घ्यायचा. म्हणजे आपल्या बचत गटाची थोरली बहीणच. या सगळ्या दबावातून आणि देशभरच्या अशा कामातून २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा झाला. म्हणून तर २४ डिसेंबर हा ग्राहक दिन. जिल्ह्याजिल्ह्यात मंच आले, त्यालाच आता आयोग म्हणतात. वकील लावलाच पाहिजे असं नाही, साध्या कागदावर आपली हकिकत लिहून देता येते.

या कायद्यात एक फट होती. वस्तू धंद्यासाठी घेतली असेल तर तुम्ही ग्राहक नाही, असं विकणारे म्हणायचे. १९९३ साली कायद्यात दुरुस्ती झाली, की स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू धंद्यात मोजायची नाही. १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते उदाहरण देऊन समजावलं. स्वतः चालवायला रिक्षा घेणारा माणूस हा ग्राहकच, असं न्यायालय म्हणालं. आमच्या ताईंच्या बाबतीत हेच एक वाक्य कामाला आलं, ते पुढे सांगतो.

आता येऊ या मूळ प्रश्नावर. पैसे दिले तरी गाडी माझी का नाही?

१९८८ साली मोटार वाहनांचा नवा कायदा झाला आणि १ जुलै १९८९ पासून लागू झाला. आपल्या जालना जिल्ह्याच्या गाड्यांवर एमएच २१ दिसतं, ती पद्धत या नव्या काळातली. या कायद्याने नवीन गाडीच्या खरेदीला कागदांची एक साखळी घातली. विकणाऱ्याकडे व्यापार प्रमाणपत्र हवं. तो तुम्हाला नमुना २१ देतो, म्हणजे विक्रीचा दाखला. त्यावर गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी बनली ते लिहिलेलं असतं. शोरूममध्ये वर्षभर धूळ खात पडलेली गाडी नवी म्हणून गळ्यात मारली असेल तर ती इथे पकडता येते, म्हणून तो रकाना आधी बघायचा. नमुना २२ कंपनीकडून येतो, गाडी रस्त्यावर चालायला योग्य आहे याचा. नमुना २० हा आपला नोंदणीचा अर्ज. आणि नियम ४२ सांगतो की नोंदणी, निदान तात्पुरती तरी, झाल्याशिवाय विकणाऱ्याने गाडी ताब्यात द्यायचीच नाही. दसऱ्याच्या मुहूर्ताला "घेऊन जा ताई, नंबर नंतर बघू" असं कुणी म्हणालं तर तो आपल्यावर उपकार करत नसतो.

पण या कायद्यातला सगळ्यात मोठा बदल एका छोट्या व्याख्येत लपलेला आहे. मालक कुणाला म्हणायचं? १९३९ च्या कायद्यात याचं सरळ उत्तर नव्हतं. १९८८ च्या कायद्याने ते दिलं, ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे तो मालक. कर्जाची किंवा भाडेखरेदीची गाडी असेल तर करारानुसार जिच्या ताब्यात आहे ती व्यक्ती मालक. स्टँप पेपर, नोटरी, किल्ली, यातलं काहीच त्या व्याख्येत बसत नाही.

याचा चटका किती मोठा असतो, ते २०१८ च्या फेब्रुवारीतल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात दिसतं. उत्तरेकडची गोष्ट आहे. एका माणसाने आपली गाडी २००७ साली विकली. ती तिथून पुढे दोन-तीन हातांत गेली. आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच राहिलं. २००९ मध्ये गाडी मागे घेताना अपघात झाला, एक मूल गेलं, एक बाई जखमी झाली. भरपाई कुणी द्यायची? पहिला म्हणाला, मी तर केव्हाच विकली. न्यायालय म्हणालं, नोंद तुझ्या नावावर, भरपाई तू दे. आणि कारण फार विचार करण्यासारखं दिलं. ज्याचं माणूस गेलंय त्याने काय या हातातून त्या हातात गेलेल्या सौद्यांचा माग काढत फिरायचं?

आम्ही हे गटात वाचून दाखवलं तेव्हा आधी सगळ्या म्हणाल्या, विकणाऱ्यावर अन्याय झाला. मग एक आजी म्हणाल्या, "आणि त्या लेकराच्या आईने कुणाकुणाची दारं वाजवायची?" त्यावर कुणी बोललं नाही.

म्हणजे नाव बदलणं ही फक्त घेणारीची गरज नाही, विकणारीचीही आहे. कायदा सांगतो, विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. त्यासाठी नमुना २९ आणि ३०. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा नमुना ३५ आणि बँकेचं किंवा फायनान्सवाल्यांचं ना हरकत पत्र. त्यांच्या संमतीशिवाय नाव बदलत नाही. आमच्या ताईंची गाडी तिथेच अडकली होती.

आणखी एक गोष्ट, जी बायकांना कुणी सांगत नाही. नवरा वारला आणि गाडी त्याच्या नावावर असेल, तर ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं. मग तीन महिने ती गाडी वापरता येते, तोवर नमुना ३१ भरून नाव लावून घ्यायचं. आमच्या वस्तीत अशा निदान तीन गाड्या दीराच्या अंगणात उभ्या आहेत. तेराव्यापर्यंत कुणाला सुचत नाही आणि नंतर कुणी विचारत नाही. २०२१ पासून नोंदणीच्या वेळीच वारस म्हणून नाव देता येतं. नवी गाडी घेताना तो रकाना मोकळा सोडू नका.

वसुलीवाल्यांबद्दलही सांगायला हवं. कर्ज थकलं तर फायनान्सवाल्यांना हक्क असतो, तो नाकारून चालत नाही. पण २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की दांडगाईने, गुंड पाठवून गाडी उचलायची नाही, कायद्याच्या मार्गानेच जायचं. त्या दिवशी आम्ही अकरा जणी दारात उभ्या होतो. आवाज चढवला नाही. करार दाखवा, किती बाकी ते लेखी द्या, एवढंच म्हटलं. ते गेले, आणि दोन दिवसांनी खरंच लेखी घेऊन आले. एकतीस हजार बाकी होते.

जुन्या गाड्यांचा बाजार इतकी वर्षं असाच मोकळा होता. नव्या गाडीच्या विक्रेत्याला प्रमाणपत्र लागायचं, जुनी गाडी विकणाऱ्या एजंटला काहीच नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने नियम काढले, १ एप्रिल २०२३ पासून ते लागू आहेत. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं. मालकाने गाडी त्याच्या हवाली केली की नमुना २९ सी भरून आरटीओला कळवायचं, आणि तेव्हापासून तो व्यापारीच मालक समजला जाणार. गाडी त्याच्याकडे असताना काही झालं तर जबाबदारी त्याची. ती गाडी त्याने स्वतःच्या कामाला फिरवायची नाही, फक्त दाखवायला, दुरुस्तीला, तपासणीला काढायची, आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची. म्हणजे मधल्या माणसाचं नाव इतकी वर्षं कुठेच लागत नव्हतं, ते आता लागायला लागलं. नियम चांगला आहे. पण आपल्याकडे चहाच्या टपरीवर बसून सौदे करणाऱ्या किती जणांकडे ते अधिकारपत्र आहे, हे तुम्हीच विचारून बघा.

बाहेरच्या देशात कसं आहे? कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १९९७ पासून गाडीविक्रेत्यांवर देखरेख ठेवणारी एक स्वतंत्र परिषदच आहे. तिच्याकडे नोंदणी नसेल तर गाड्या विकायचा धंदा करता येत नाही. गाडीचा आधीचा इतिहास, अपघात, सगळं गिऱ्हाइकाला लेखी सांगावं लागतं, जाहिरातीत सगळा खर्च धरून किंमत द्यावी लागते, आणि विक्रेता बुडाला तर गिऱ्हाइकासाठी वेगळा भरपाईचा निधी आहे. आपल्याकडे असा एकच दरवाजा नाही. नोंदणीचं आरटीओ, विम्याचं विमा नियामक, कर्जाचं रिझर्व्ह बँक, फसवणुकीचं ग्राहक आयोग. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणाऱ्या १४ मोटार कंपन्यांना २०१४ साली स्पर्धा आयोगाने अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोकला, तो आणखी वेगळा दरवाजा. गाडीतच दोष निघाला तर ती परत मागवायची तरतूद कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आली. दरवाजे बरेच आहेत, पण कोणता कुठे उघडतो हे सांगणारं कुणी नाही. आम्हाला तर वाटतं, एखाद्या बाईने एकाच खिडकीवर जाऊन "मला फसवलं" म्हणावं आणि पुढचं त्यांनी बघावं, अशी सोय हवी.

तर ताईंच्या व्हॅनचं काय झालं, ते सांगून थांबतो.

आरसीवरच्या पत्त्यावरून आम्ही पहिल्या मालकापर्यंत पोचलो. अंबड तालुक्यातल्या एका गावी, साधा शेतकरी माणूस. आम्हाला वाटलं होतं भांडेल. उलट तोच घाबरला. दोन वर्षांपूर्वी विकलेली गाडी अजून आपल्या नावावर आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. कर्जाचे राहिलेले हप्ते एजंट भरणार असं ठरलं होतं, तसा कागदही त्याच्याकडे होता. आम्ही २०१८ च्या निकालाची गोष्ट सांगितली, तसा त्याने त्याच ओसरीवर नमुना २९ आणि ३० वर सह्या केल्या. त्याच्या बायकोने चहा दिला आणि विचारलं, आमच्या ट्रॅक्टरचं पण असंच तर नाही ना? नव्हतं, ते त्यांच्याच नावावर होतं. आम्ही मोबाइलवर एम परिवहनमध्ये बघून दिलं. नंबर टाकला की नावाची काही अक्षरं, विमा, फिटनेस, कर्ज आहे की नाही, सगळं फुकट दिसतं. हे आम्ही सात महिने आधी केलं असतं, तर दहा मिनिटांचं काम होतं.

एकतीस हजार गटाने ताईंना पुन्हा कर्जाऊ दिले. ना हरकत पत्र आलं, नमुना ३५ आरटीओत दिला, आणि दोन महिन्यांनी आरसी आली ताईंच्या नावावर. त्यांनी ती देवघरात ठेवली होती, आम्ही सांगितलं की गाडीत ठेवा.

एजंटविरुद्ध ताईंनी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. २०१९ चा नवा कायदा २०२० च्या जुलैपासून लागू झाला, तेव्हापासून आपण जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, विकणाऱ्याच्या गावाला जावं लागत नाही. एजंटच्या वकिलाने लेखी उत्तर दिलंय, की बाई मसाल्याचा धंदा करतात, गाडी धंद्यासाठी घेतली, म्हणून त्या ग्राहक नाहीत. ताईंनी १९९५ च्या निकालाची प्रत काढली आहे. मसाला त्या स्वतः कुटतात, गाडी त्यांचा मुलगा चालवतो. पुढची तारीख आषाढात आहे. आमच्यापैकी ज्यांना जमेल त्या सोबत जाणार आहोत.

आणि गटाच्या ठरावाच्या वहीत आता एक नवा रकाना आहे. गाडीसाठी कर्ज मागितलं, तर आरसीची प्रत आणि मोबाइलवर बघितलेली माहिती दोन सभासदांनी वाचून सही करायची. मागच्या बैठकीत एकीने मोपेडसाठी अर्ज दिला. आरसी मागितली, तर नाव तिच्याच भाच्याचं निघालं, आणि कर्ज बाकी. भाचा रागावून गेला. अर्ज अजून वहीत तसाच आहे.